खोल पाण्याची मास्तरीण

साऱ्या वेल्हे तालुक्यात माझ्या मावशीच्या यजमानांइतका संशयी माणूस दुसरा नसेल, आणि डोळे मिटून जीव सोपवावा असा भरवशाचाही. विहिरीतल्या मोटारी काढणं-बसवणं हा काकांचा धंदा. विहिरीत उतरण्याआधी दोर ते स्वतः तीनदा ओढून बघत, आणि चौथ्यांदा गावात ज्याच्याशी त्यांचं भांडण चालू असेल त्याला बोलावून ओढायला लावत. "आपलं मानूस मन राखाया बराय म्हनतं. ह्यो न्हाई म्हननार." एकदा भोरच्या स्टँडवर आंबवड्याची पाटी लावलेली एसटी उभी होती. काकांनी ड्रायव्हर, कंडक्टर आणि खिडकीतली म्हातारी अशा तिघांना वेगवेगळं विचारलं, ही कुठं जाणार. म्हातारीनं आपलं मधलंच गाव सांगितलं. तिघांचं एक येईना म्हणून काकांनी गाडी सोडून दिली आणि लग्नाला पोचले ते शेवटची पंगत उठल्यावर. मावशी अजून त्या जेवणावरून त्यांना बोलते.

माणसाला पाण्याखाली श्वास घेता येतो हे त्यांना मोबाईलवर बघून पटेना. म्हणून खात्री करायला मालवणला गेले, ते स्कुबा डायव्हिंग शिकल्याचं कार्ड घेऊनच आले. त्यावर दहा परसांपर्यंत जायची मुभा होती. कार्डावर अठरा मीटर लिहिलेलं, पण काका पाणी विहिरीसारखं परसातच, म्हणजे पुरुषभर उंचीच्या मापात मोजतात. मग हवेची जुनी टाकी विकत घेतली, आणि आसपासच्या धरणात कुणी बुडालं की माणसं त्यांच्या दारी येऊ लागली.

अशीच एक धनगरवाड्यावरची सून म्हशीमागं धरणात उतरली आणि तळातल्या जुन्या नदीच्या पात्रात गेली. तिथं पंचवीस परस पाणी. काका आपल्या मुभेच्याही खाली गेले. टॉर्चच्या उजेडात आणखी खाली काहीतरी लाल दिसलं, की दिसल्यासारखं वाटलं, आणि तिथून ते परत फिरले. वर आले तेव्हा थरथरत होते. काठावर त्या मुलीचा बाप बसला होता. त्यानं आपलं घोंगडं काढून काकांच्या अंगावर घातलं. मुलगी तिसऱ्या दिवशी आपोआप वर आली.

त्यानंतर काका जेवताना मधेच थांबायचे. महिन्याभरानं माझ्याकडं भोरला आले. मी इथं कॉलेजात इंग्रजी शिकवते. "पोरी, लई खोल जायाचं शिकायचंय. मास्तर हुडकून दे."

याला टेक्निकल डायव्हिंग म्हणतात. पाठीवर दोन टाक्या, वेगवेगळे वायू, आणि वर येताना ठरल्या ठिकाणी थांबत यायचं. घाई केली की रक्तात बुडबुडे होतात. काकांनी मास्तरांसाठी एकच प्रश्न काढला होता: "काम अर्धं टाकून कदी वर आलाय का?"

पहिला पुण्याचा. काचेचं ऑफिस, भिंतीवर माशांचे फोटो. तो हसून म्हणाला, "काका, आजवर एकही डाईव्ह अर्धवट सोडलेली नाही!" काकांनी दाराशी काढलेल्या चपला पायात घातल्या. "चल पोरी. ह्यो आपल्याला वर आनायचा न्हाई." दुसरा गोव्याचा, फोनवर. पाच दिवसांत पन्नास मीटर नेतो म्हणाला. "पाच दिसांत मला मोटारीचं वायंडिंग जमलं नव्हतं," म्हणून काकांनीच फोन ठेवला. आठ-नऊ मास्तर असेच गेले. मावशी म्हणाली, "आवो, पोरीला नवरा बगतानाबी येवढं हिंडला न्हाईत."

शेवटी पुद्दुचेरीची एक तमिळ बाई सापडली. माझ्या स्वयंपाकघरातून व्हिडिओ कॉल लावला. मी प्रश्न इंग्रजीत विचारला. तिनं बोटांवर मोजलं. मग म्हणाली, चारदा. आणि एकदा परत फिरायला हवं होतं, फिरले नाही. बरोबर मैत्रीण होती. ती वर आली नाही. मी मराठीत सांगताना अडखळले. काकांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. "हिच्याकडंच," ते म्हणाले.

तिनं आधी मालवणला आणखी चाळीस डाईव्ह करायला सांगितल्या. काकांनी वर्षभरात केल्या आणि प्रत्येक डाईव्हनंतर 'मास्तरीनबाई, वर आलो' असा निरोप पाठवला. तिला मराठी येत नव्हतं. ती अंगठा पाठवायची. मग तिनं सांगितलेली डॉक्टरी तपासणी झाली. काकांच्या हृदयाच्या पडद्यात जन्मापासून बारीक छिद्र निघालं. एरवी त्याचा त्रास नाही, पण खोल पाण्यातून येताना बुडबुडे त्यातून मेंदूत जाऊ शकतात. मास्तरीणबाईंनी फोनवर स्पष्ट सांगितलं, मी तुम्हाला शिकवणार नाही. तेही मलाच मराठीत सांगावं लागलं. काका बराच वेळ सांडशीनं गॅसवरचं रिकामं पातेलं इकडंतिकडं करत राहिले. मग म्हणाले, "बाईला म्हनावं, आमच्या हितलं पानी बगाया तरी या."

आणि ती खरंच आली. पानशेतवरून पुढं, कच्च्या रस्त्यानं, टेम्पोत पुढं बसून. काकांनी काठावरून हात करून तिला जुनं पात्र दाखवलं. दोघं दगडावर बसली. मी मधे बसले होते, पण मला कुणी काही विचारेना. मग तिनं पाण्याकडं बघत आपल्या मैत्रिणीचं नाव घेतलं. काकांनी त्या धनगराच्या लेकीचं नाव घेतलं. त्यात मराठीत सांगण्यासारखं काही नव्हतं. मी थर्मासमधला चहा तीन पेल्यांत ओतला.