जंपिंगच्या हॉलमध्ये लाइन गेली तेव्हा

कम्युनिटीतल्या वर्धेकरांनो, लोडशेडिंगला आपण सगळेच शिव्या घालतो. मीही घालायचो, आज दुपारपर्यंत.

बायको आणि मी वेगळे राहतो. आमची अडीच वर्षांची परी आईसोबत पिपरी मेघेला असते आणि फक्त रविवारी मला भेटते. आज तिला तिथल्याच प्ले सेंटरला नेलं. तिथे हॉलमध्ये उड्या मारायला हवेचा भला मोठा किल्ला आहे. सासरे सोबत होते आणि परी त्यांचं बोट सोडत नव्हती.

"परी, बाबाजवळ जाय ना," ते म्हणाले.

"काकाजवळ नाई."

काका म्हणजे मी.

शेवटी सासऱ्यांनीच तिला किल्ल्यात सोडलं. मी काठावर बसलो. तेवढ्यात लाइन गेली. बिनखिडक्यांच्या हॉलमध्ये अंधार झाला, ब्लोअर बंद पडला आणि किल्ला हळूहळू खाली बसायला लागला. पोरं रडायला लागली. मी आत शिरलो, आवाजावरून परीला शोधून उचललं. तिने माझ्या गळ्याला घट्ट मिठी मारली.

"मी आहो ना, बेटा," मी म्हणत राहिलो.

"भेटली का हो पोरगी, जावईबापू?" सासऱ्यांनी बाहेरून विचारलं.

हो म्हणायला मी जरा उशीरच केला.

मग जनरेटर सुरू झालं. उजेडात परीने माझं तोंड पाहिलं आणि आजोबांकडे हात पसरले.

विचारू नये, कळतं मला. तरी विचारतो. पुढच्या रविवारी तिकडची लाइन किती वाजता जाते, कोणाला माहीत आहे का?