मातीची अंडी

हैदराबादला बरकतपुऱ्यात आमच्या शेजारी मिशनच्या शाळेत शिकवणाऱ्या एक बाई राहायच्या. आम्ही पोरं त्यांना टीचरम्मा म्हणायचो. प्रत्येक वाक्याला त्या 'जी' जोडायच्या, अगदी रागावतानासुद्धा. "रंग फ्रॉक को नक्को पोंछो जी!"

ईस्टर आला की सगळी गल्ली त्यांच्या ओसरीवर अंडी रंगवायला बसायची. कांद्याच्या सालींचा तांबूस रंग, हळदीचा पिवळा. आमच्या घरात अंडं चालत नसे. म्हणून आम्हा भावंडांपुरती त्या कुंभाराकडून मातीची अंडी करून आणायच्या आणि आधी आईला दाखवायच्या, "मट्टी का है जी, देख लो."

रझाकारांच्या धास्तीने आम्ही सोलापूरला गेलो आणि एक ईस्टर हुकला. हैदराबाद हिंदुस्थानात आल्यावर परतलो, तर त्या टोपली घेऊन दारात हजर. आमच्या वाटची अंडी त्यांनी एकट्यानेच बसून रंगवली होती आणि इतके महिने जपली होती. पण चेहरा उतरलेला. आईच्या कानाशी येऊन म्हणाल्या, "कुंभार भी चला गया था जी. ये असली हैं. सुई से छेद करके खाली करी, साबुन से धोई. नक्को तो वापस ले जाती."

आईने एक अंडं तळहातावर घेतलं. ते कागदासारखं हलकं होतं.

"काय आणलंय गं त्यांनी?" आजोबांनी आतून विचारलं.

"मातीची अंडी," आई म्हणाली, आणि फडताळाच्या सगळ्यात वरच्या फळीवर, कमरेत वाकलेल्या आजोबांचा हात पोचणार नाही अशी, तिने ती एकेक करून मांडली.