परातीतल्या पाण्यावर निवडलेला चष्मा

तीन आठवड्यांपूर्वी, शाळेच्या मधल्या सुट्टीत मामीचा फोन आला. "तुझा मामा गेला रे," एवढंच म्हणाली. सकाळी भाकरी खाऊन ओट्यावर आडवा झाला, तो उठलाच नाही...

खोडाळ्याजवळच्या पाड्यावर मामाकडे राहूनच मी शिकलो. घरातला पहिला पदवीधर झालो, विज्ञानाचा शिक्षक झालो, ते त्याच्यामुळे. तो भात-नागली पिकवायचा. पण पाड्याला त्याची खरी गरज लागायची ती नदीवर. पाऊस ओसरून पाणी नितळ झालं की पाच-सहा जण जाळी घेऊन डोहात उतरायचे आणि मामा मासे हेरायला उंच खडकावर उभा राहायचा. बोलायचं नाही, मासे बुजतात. मामा जिकडे हात करील तिकडे जाळी पडायची. वाटे सारखे व्हायचे, बघणाऱ्यालाही एक.

मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि पाण्यावरची चमक त्याला सोसेना. दोनदा हात चुकला. घरी आलेला वाटा त्याने परत पाठवला. "बघितलं नाय तं खायचं कसं?" मग नदीवर जाणंच सोडलं. खडकावर दुसरा माणूस उभा करायची बोलणी पाड्यावर सुरू झाली, ती ओट्यावर बसलेल्या मामाला ऐकू यायची.

मी जव्हारहून सगळ्यात गडद काळा चष्मा आणला. मामा तो घालून खडकावर चढला आणि शेवाळावरून घसरून थेट डोहात. वर येऊन म्हणाला, "मास्तर, यातून मासं नाय, रात दिसते." मला लाज वाटली. पाण्यावरून परतणारी चमक तेवढी अडवणारी पोलराइज्ड काच असते, हे मी कॉलेजात शिकलो होतो. वेळेवर आठवलं नाही.

पुढच्या खेपेला त्यालाच दुकानात नेलं. अशी काच कशी ओळखायची ते दाखवलं: चष्म्यातून मोबाइलकडे बघत चष्मा हळूहळू फिरवला की एका जागी पडदा काळा पडतो. मामाने शांतपणे ऐकून घेतलं. "मला मोबाइलात मासं नाय धरायचं," म्हणाला आणि शेजारच्या हॉटेलातून परातभर पाणी मागून आणलं. रस्त्यावरचे खडे, दोन ओली पानं तळाशी ठेवून परात उन्हात मांडली आणि एकेक चष्मा चढवून तिच्यापुढे उकिडवा बसू लागला.

"बाबा, मासा पण सोडू का?" दुकानदाराने विचारलं.

"सोड. जिता हाय ना?"

करड्या काचेतून चमक गेली, पण खडे आणि पानं एकाच रंगाची झाली. तपकिरीतून पान वेगळं, खडा वेगळा. मामाने तोच घेतला.

त्याच आठवड्यात त्याने खडकावरून हात केला आणि जाळं जड होऊन वर आलं. संध्याकाळी चष्मा न काढताच तो अंगणात बसला होता. "आता इथं काय बघता?" मासे साफ करता करता मामीने विचारलं. "तुलाच," तो म्हणाला. मामीने त्याच्यावर पाणी उडवलं...

गेल्या रविवारी पाड्यावरच्या माणसांनी तो चष्मा माझ्या हातात दिला आणि खडकाकडे बोट केलं. वर गेलो. तळापर्यंत सगळं दिसत होतं, सावलीसारखे सरकणारे मासेसुद्धा. ते पुढे कुठे वळतील हे मात्र मामाला कळायचं. मी हात केला. जाळ्यात पाचोळा आला. पुन्हा केला, पुन्हा पाचोळा. "मास्तर, आज पाल्याचीच भाजी का?" खालून एकाने हळूच विचारलं. मग जाळी झटकून सगळे पुन्हा माझ्या हाताकडे बघत उभे राहिले.