देवाच्या झरीची काळी बाटली

कपाट उघडलं आणि मी तिथेच थबकले. शाळेच्या नळाची बाटली होती तशीच. हेडमास्तरांच्या विहिरीचीही तशीच. देवाच्या झरीची मात्र काळीकुट्ट.

झर म्हणजे डोंगरातून फुटणारा झरा. डिचोली तालुक्यातल्या या गावाचं देऊळ झरीला लागूनच आहे. गावाचं नाव सांगत नाही, सांगून कुणाचं भलं होणार नाही. तर ही बाटली. तिच्यात आधीच थोडं औषध असतं. पाणी भरून उबदार जागी ठेवायची. पाण्यात मैल्याचे जंतू असतील तर ती काळी पडते. एवढीच टेस्ट. पाणी तपासायच्या लॅबमध्ये मी जन्म काढला, आणि रिटायर झाल्यावर आता शाळाशाळांतून मुलांना हेच शिकवत फिरते.

हेडमास्तर बाटलीकडे बघायलाच तयार नव्हते.

"मॅडम, ही मुलांना दाखवू नका. जत्रा तोंडावर आलीय."

"मुलांनीच भरलीय ती. काय सांगू त्यांना, हरवली?"

"अहो, महाप्रसाद त्याच पाण्यात शिजतो!"

"शिजतं ते एक वेळ चालेल. तीर्थ कोण उकळतं?" माझा आवाज चढला होता. 

एका बाटलीवर मी कधी बोंब मारत नाही. भरताना बोट लागलं तरी निकाल बिघडतो. मुलांना साबणाने हात धुवायला लावून पुन्हा पाणी भरून घेतलं. तीही काळी पडली. मग घाण येते कुठून? झरीवर कुणी कपडे धूत नाही, गुरं येत नाहीत. चप्पल घालून तिथे पाऊल टाकायची कुणाची टाप नाही.

आठवीच्या वर्गाने मैदानात डोंगर रचला. खाली चिकणमाती, वर चिऱ्याचे तुकडे घातलेली भुसभुशीत माती. पाणलोट शिकवायची ही माझी जुनी पद्धत. जिथे जिथे पडलेलं पाणी शेवटी एकाच ठिकाणी येतं, ती सगळी जागा म्हणजे पाणलोट. पायथ्याशी खळगा केला, ती झर. तिच्या पुढ्यात काड्यापेटीचं देऊळ. रंगासाठी कुणीतरी घरून पिंजर, म्हणजे लाल कुंकू, आणली होती.

"अरे, आपल्या तांबड्या मातीत पिंजर दिसेल काय? नीळ आणा."

नीळ आली. म्हटलं, गावात घाण जिथे साठते तिथे ठेवा. तन्वी नावाची मुलगी उठली आणि डोंगराच्या वरच्या अंगाला चिमूटभर नीळ पुरून आली.

"टीचर, इथे आमच्या काजूच्या बागेत आजोनं बांधलेलं टॉयलेट आहे."

भोकं पाडलेल्या डब्याने मुलांनी पाऊस पाडला. थोड्या वेळाने खळग्यात निळं पाणी उतरलं. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. तन्वी खळग्याकडे बघतच राहिली.

तिचा आजो म्हणजे पुंडलिकबाब, देवस्थान समितीचे अध्यक्ष. जत्रेत बायकांची फार कुचंबणा व्हायची. त्यांची बायको गेल्यावर त्यांनी स्वतःच्या बागेत टॉयलेट बांधलं, तिच्या नावाची पाटी लावली. देवळाच्या खाली जागा होती, पण देवाच्या पायाशी घाण कशी करायची? म्हणून लांब, मागच्या चढावर. भक्तीपोटीच ते झरीच्या बरोबर डोक्यावर जाऊन बसलं. त्यात तिथे शोषखड्डा, म्हणजे तळ न बांधलेला. सगळं जमिनीत मुरतं.

दुसऱ्या दिवशी तन्वीबरोबर त्यांच्या घरी गेले. ऐकता ऐकता म्हातारा उसळला.

"मातीच्या खेळावरून माझ्या बायलेच्या नावाला बोल लावता?"

"बोल नाही लावत, बाब. आणि मातीच्या ढिगाने सिद्ध काहीच होत नाही, हे तुमचं खरं. खड्डा बंद करून बघू, एवढंच म्हणते."

तन्वी दाराशी उभी होती. भीतभीतच बोलली, "आजो, तूच सांगतोस ना, एका वर्षी काजूच्या बोंडांचा चोथा वर बागेत पुरला होता, आणि झरीला हुर्राकाचा वास मारत होता? देवाला चढली म्हणून सगळे हसत होते?"

हुर्राक म्हणजे काजूच्या रसाची पहिली दारू. ती गोष्ट पुंडलिकबाब दर जत्रेला हसून सांगत. आता हसले नाहीत.

"कुठे पुरला होता?" मी विचारलं.

ते अंगणाकडे वळले. "त्याच जागेवर."

मग त्यांचा आवाज फुटला. "जत्रेदिवशी ती सकाळपासून पाण्याचा घोट घेत नसे गो. तिच्यासाठी बांधलं मी ते."

मी म्हटलं, "टॉयलेट हवंच आहे, बाब. जागा तेवढी चुकली."

टॉयलेटला कुलूप त्यांनी स्वतः लावलं. त्या जत्रेला तीर्थ शाळेच्या नळाचं. समितीत आरडाओरड झाली, तेव्हा ते एवढंच म्हणाले, "मग काय देवाला मैला पाजूया?" बायकांसाठी देवळाच्या खाली, त्यांच्याच शेतात तात्पुरती सोय केली. "देवाच्या पायाशी?" कुणीतरी विचारलं. "देवाचे पाय मी धुईन," पुंडलिकबाब म्हणाले.

पुढे तिथेच पक्कं टॉयलेट झालं, तळ बांधलेल्या टाकीचं. त्याच्या खालच्या बाजूला विहीर नाही, हे मी स्वतः फिरून बघितलं. वरचा खड्डा उपसून बुजवला. पावसाळा सरल्यावर झरीची बाटली भरली, ती काळी पडली नाही. पुन्हा भरली, तरी नाही.

पाण्याला लांब-जवळ कळत नाही, उतार कळतो. बांधायला जागा बघताना आधी विचारा, खाली कोण पितं?

पुंडलिकबाब मला बघितलं की अजून तोंड फिरवतात. बायकोच्या नावाची पाटी त्यांना आपल्या हाताने उखडावी लागली, त्यामुळे त्या रागावर माझं काही म्हणणं नाही. पण झरीची बाटली दर महिन्याला तन्वीबरोबर न चुकता येते. आजो कुणाला हात लावू देत नाही, म्हणाली. साबणाने हात धुतो आणि स्वतः भरतो.