दहाव्या नंबरचं पाणी

मधल्या सुट्टीची घंटा झाली आणि रांजणाकडे कुणीच गेलं नाही. एरवी तिथे ढकलाढकली असायची. मी पेला भरून पहिल्या ओळीतल्या मुलीपुढे धरला. तिनं हात मागे घेतले. "घरी पिऊन येते बाई," म्हणाली आणि पळाली.

रेणापूरजवळच्या एका दोन शिक्षकी शाळेत मी मुख्याध्यापिका होते. लातूरहून एसटीनं जायची. दुष्काळ होता आणि जिल्हा नवा होता. शाळेचा बोअर आटला म्हणून अर्ज केला, तर जुन्या जिल्ह्याची कचेरी म्हणे नव्याकडे जा. नवी म्हणे, कागद अजून जुन्याकडून आले नाहीत. शेवटी पालकांची बैठक घेतली. रोज एका घरानं सुट्टीआधी रांजण भरायचा. पाळी हजेरीपटाच्या नंबरानं. भांडणं नकोत म्हणून मीच काढलेली ही शक्कल. स्वतःवर फार खूश होते.

नऊ दिवस बिनबोभाट गेले. दहावा नंबर तिसरीतल्या सुशीलाचा. पटावर बौद्ध घर तेवढं एकच. बैठकीत कुणी हूं की चूं केलं नव्हतं. तिची आई रुक्मिणबाई लांबच्या विहिरीवरून दोन घागरी घेऊन आली. रांजण आतून घासला, भरला, वर स्वच्छ फडकं बांधलं. त्या दिवशी ते पाणी एकटी सुशीला प्यायली. घरी गेलेली निम्मी मुलं दुपारी परतलीच नाहीत.

शाळा सुटल्यावर नामदेवअण्णा आले. पालकांच्या वतीनं तेच बोलायचे.

"बाई, आमचं काही न्हाई हो. पण घरात म्हातारी मानसं हाईत. तिकडच्यांचा रांजण येगळा ठेवा."

"शाळेत दोन रांजण ठेवणार नाही. गुन्हा आहे तो."

"मग लेकरं घरीच ऱ्हातील."

पटसंख्या घटली की एक शिक्षक जातो. मी घाबरले. दुसऱ्या दिवशी सकाळीच रुक्मिणबाईंना बोलावलं आणि गोड आवाजात म्हणाले, "तुम्हाला विहीर लांब पडते. पाळीतून सूट देते."

"म्या मागितली का सूट?"

मी हजेरीपट चाळू लागले.

"आज अकराव्या घरचं पानी येईल. माझी लेक ते कशी पील, बाई? तुमीच सांगा."

मी दहाव्या नंबरापुढे 'सूट' असं लिहिलं.

रांजणाला पुन्हा गर्दी झाली. सुशीला मात्र सुट्टीत वर्गात बसून राहायची. मी माझा फिरकीचा तांब्या पुढे करायची. "तान न्हाई बाई," म्हणायची. ओठ फुटलेले. एके दिवशी घेरी येऊन पडली आणि मग यायचीच बंद झाली.

मी तिच्या घरी गेले. रुक्मिणबाईंनी तांब्याभर पाणी दिलं. मी प्यायले. त्या माझ्याकडे बघत होत्या.

"इथं पेता बाई. इथं कुनी बघत न्हाई."

मान खाली घालून परत आले.

पुढे तपासणीला साहेब आले. शेरेबुकात लिहून गेले, पालकांचा सहभाग उत्तम. सुशीला सतत गैरहजर, म्हणून नियमाप्रमाणे तिचं नाव पटावरून कमी केलं. सही माझीच. दहावा नंबर पुढच्या मुलीला गेला आणि पाळी कुठेही न अडता चालू राहिली.

इतक्या वर्षांच्या नोकरीत शिकले ते एवढंच. असं पाणी अडलं, की बाईंनी ते सगळ्यांसमोर आधी आपण प्यायचं असतं. त्या दिवशी मी पेला मुलीपुढे धरला होता. स्वतः प्यायले नव्हते.