निळं खापर

"शोभाबाई, त्या खापराला आपल्याच डाईंगचा रंग लागलाय! टाक काँक्रीटमध्ये," वाल्मिक मुकादम ओरडला.

"दादा, सोड्यानं घासलं, तरी उतरला नाही."

प्लेगच्या साथीत गावी धुळ्याला गेलेली ती परतल्यापासून तापीकाठी शेठच्या नव्या डाईंगचा, म्हणजे कापड रंगवायच्या कारखान्याचा, पाया खोदत होती. त्यात सापडलेलं हे काचेसारखं निळं खापर तिनं कॉलेजच्या सरांना दाखवलं होतं. हजार वर्षांपूर्वी इराणकडून जहाजानं आलेलं भांडं, ते म्हणाले. खाली व्यापाऱ्यांची वस्ती असेल, खणून बघायला हवं.

तिनं हे सांगताच वाल्मिकचा आवाज एकदम खाली आला. "सर आले तर काम बंद. शेठनं खड्डा आजच भरायला सांगितलाय. तुझा नवरा शेठच्याच बॉयलरवर ना? तिथं माणसाला काहीही होतं, बाई. सर कधी येणारेत?"

मागं मिक्सर सुरू झाला. शोभाबाईनं खापर पदरात बांधलं आणि ती फाटकाबाहेर पडून कॉलेजच्या वाटेला लागली.