खुडूक कोंबडीखालची अंडी

तिसऱ्या वेळीही माझ्या पोटात लेकरू टिकलं नाही, तेव्हापासून घरात दोन गोष्टींना हात लावायची मला मनाई झाली. लावायच्या बियाण्याला आणि उबवायच्या अंड्यांना. तसं कोणी तोंडानं सांगितलं नाही. हळदीचं बेणं निवडायला आम्ही बायका बसलो होतो. मी एक कंद उचलला, तर सासूबाईंनी तो माझ्या हातातून काढून घेतला आणि म्हणाल्या, "तू पानी घेऊन ये समद्यांला." मी पाणी आणलं.

स्वयंपाकातल्या मटकीला मात्र हरकत नव्हती. मी भिजवलेली मटकी फडक्यात बांधून ठेवते, दुसऱ्या दिवशी फडकं फुगलेलं असतं. त्या मोडांची उसळ घरातले सगळे खातात. खाताना कुणाला हात आठवत नाही.

चौथीत असताना बाईंनी भिजवलेला वाल दोन बोटांत धरून उघडून दाखवला होता. दोन डाळींच्या मध्ये एवढंसं पान चिकटलेलं, दुमडलेलं, आणि त्याच्या टोकाला मूळ. झाड आधीच आत निजलेलं असतं, त्याला ओल आणि ऊब मिळाली की ते उठतं, असं बाई म्हणाल्या होत्या. पुढं माझी शाळा सुटली, पण हे डोक्यातून गेलं नाही. पोट रिकामं झाल्यावर मला तेच वाटायचं. ओल होती, ऊब होती, मग उठलं का नाही?

तिसऱ्या वेळी हिंगोलीच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी पडद्यावर मला ते दाखवलं होतं. दाण्याएवढं, आणि त्यात काहीतरी लुकलुकत होतं. पुढच्या खेपेला गेले तर दाणा होता, लुकलुकणं नव्हतं. "कधीकधी वाढ आपोआप थांबते, तुझा दोष नाही," असं त्या म्हणाल्या. मी घरी येऊन तसंच सांगितलं.

"दवाखान्यात असंच म्हनतेत," सासूबाई म्हणाल्या. "त्यायचं काय जाते?"

मग त्यांनी शिरड शहापूरकडचा एक जाणता बोलावला. त्यानं विहिरीभोवती फेरी मारली आणि सांगितलं की पाण्यातल्या आसरा देवी रागावल्यात, त्यांना कोंबडा द्या. आम्ही गावात राहत नाही, शेतातल्या आखाड्यावर, शेतघरात राहतो. दुसरा आखाडा ओढ्यापलीकडं, बराच लांब. कोंबड्या चार-पाच होत्या, पण कोंबडा एकच. तो विहिरीवर कापला. मला त्याचं काळीज खायला लावलं. मी खाल्लं.

पावसाळा संपता संपता एक कोंबडी खुडूक झाली. पिसं फुगवून बसायची, हाकललं तरी उठायची नाही. सासूबाईंनी कोंड्यात जपून ठेवलेली अंडी काढली आणि माझ्या धाकट्या जावेला हाक मारली. जावेला दोन पोरं आहेत, तिचा हात चांगला. तिनं टोपल्यात भुसा अंथरला, अंडी मांडली, वर कोंबडी बसवली. मी दारात उभी राहून बघत होते.

मला तेव्हाच समजलं होतं. कोंबडा जाऊन महिना कधीच उलटला होता. ही अंडी त्याच्यानंतरची. पण अंडी मांडताना तसं बोलले असते, तर पिल्लांच्या वाईटावर टपलेली मीच ठरले असते.

माझी आई माहेरी अंडी तपासायची. पत्र्याच्या भोकातून आलेल्या उन्हात अंडं धरायचं. आठवडाभरात आत लाल कोळी दिसतो. मध्ये ठिपका आणि सगळीकडं पसरलेले धागे. तो ठिपका उडत असतो. आई म्हणायची, पिल्लाला चोच येत नाही, पाय येत नाहीत, त्याच्या आधी काळीज येतं. ज्यात कोंब धरला नाही ते अंडं नुसतं तेलासारखं पिवळं दिसतं. कोंबडी मात्र दोन्हींना सारखीच ऊब देते. तिला कळत नाही.

आठ दिवसांनी दुपारी कोंबडी चरायला उठली, तेव्हा मी टोपलं ठेवलेल्या कडब्याच्या खोलीत शिरले आणि मोबाइलच्या उजेडावर एकेक अंडं धरून पाहिलं. सगळी पिवळी. शेवटचं हातात असतानाच दारात सावली पडली.

"काय करून राहिलीस?" सासूबाईंनी विचारलं.

"आत काई न्हाई, आत्या."

"तू हात लावल्यावर काय राहीन आत?"

मागून जाऊ आली. "समद्यायलाच हात लावला का वो बाई? एखांदं तरी सोडायचं माज्या नावानं."

मी घरात फार बोलत नाही. पण त्या दिवशी बोलले. "ही अंडी घातली तवा कोंबडा कुठं व्हता, आत्या? कोंबड्याबिगर पिल्लू कसं धरीन?"

सासूबाईंनी माझ्याकडं पाहिलं, मग टोपल्याकडं. सारा जन्म कोंबड्या पाळण्यात गेलेली बाई ती. त्यांना पटलं होतं, मला त्यांच्या तोंडावर दिसलं. आता हो म्हणतील, असं वाटलं.

"कोंबडा कुनापायी गेला?" त्या म्हणाल्या. आवाजही चढवला नाही.

मी हातातलं अंडं टोपल्यात ठेवलं.

अंडी उकिरड्यावर गेली. कोंबडी रिकाम्या भुशावर बसून राहिली, तेव्हा तिचं खुडूकपण मोडावं म्हणून सासूबाईंनी तिला बादलीतल्या पाण्यात बुचकळून काढलं.

पुढं सासऱ्यांनी पुसेगावच्या बाजारातून नवा कोंबडा आणला. दुसरी कोंबडी खुडूक झाल्यावर जावेनं अंडी मांडली आणि टोपलं भरून पिल्लं निघाली. आखाड्यावर येणाऱ्या प्रत्येक बाईला सासूबाई ती दाखवायच्या आणि म्हणायच्या, "हात पाह्यजे, हात." कोंबडा तिथंच अंगणात फिरत असायचा. त्याचं नाव कुणी घेतलं नाही. मी नवऱ्याला विचारलं, "तुमाला काय वाटते?" तो पिल्लांवर डालगं झाकत होता. "निघाली न्हवं पिल्लं? मंग काहून उकरून राहिलीस?"

आता या महिन्यात माझी पाळी चुकली आहे. कुणाला सांगितलेलं नाही. टिकलं तर आसरांनी दिलं म्हणतील, गेलं तर माझ्यापायी. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, पुढच्या वेळी दिवस गेल्याचं कळलं की लगेच ये, सुरुवातीपासून गोळ्या देते. पण हिंगोलीला जायचं तर नवऱ्याला सांगावं लागतं, आणि त्याला सांगितलं की त्याच दिवशी सासूबाईंना कळतं. म्हणून अजून गेले नाही.